पालीचा प्रवास: आखणी परतीपासून

सुधागड तालुक्यातल्या पालीला रेल्वे जात नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग उत्तरेला खोपोलीवरून निघून जातो. मुंबई–गोवा महामार्ग पश्चिमेला वाकण फाट्यावरून कोलाड–माणगावकडे वळतो. या दोन मोठ्या रस्त्यांना जोडणाऱ्या आडव्या वाटेवर, सरसगडाच्या पायथ्याशी पाली आहे. मुंबईहून अंतर साधारण ११५ ते १२० किलोमीटर, पुण्याहूनही जवळपास तेवढेच. पालीचा बल्लाळेश्वर हा अष्टविनायकांपैकी एक असल्याने दोन्ही शहरांतून वर्षभर माणसे येत असतात, आणि त्यांतले बरेच जण घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन येतात.

अंतर असे बेताचे असूनही कोणी पालीची सहल अगदी थोडक्या पैशांत करून येतो, तर कोणाला तीच सहल तिप्पट खर्चाची आणि दमवणारी होते. फरक कुठे पडतो हे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. मुंबई ते खोपोली किंवा पुणे ते खोपोली हा लांबचा टप्पा कधीच फार महाग नसतो. तिथे गाड्या भरपूर असतात आणि भाडे ठरलेले असते. पैसे आणि वेळ जातो तो शेवटच्या १५ ते ४० किलोमीटरांत, म्हणजे खोपोली, वाकण किंवा नागोठण्याला गाडी बदलताना. तिथे एसटी चुकली, अंधार पडला, सोबत लहान मूल असले, की माणूस मिळेल ती रिक्षा सांगेल त्या भाड्याने करतो. म्हणून पालीचा प्रवास आखताना मी सगळ्यांना एकच गोष्ट आधी सांगतो: सुरुवात घरापासून करू नका, पालीहून परत निघणाऱ्या शेवटच्या गाडीपासून करा.

आधी गाव नक्की करा

नकाशाच्या ॲपमध्ये नुसते ‘पाली’ टाकले तर राजस्थानातला पाली जिल्हा पुढे येतो. रत्नागिरीजवळ महामार्गावर एक पाली आहे आणि खंडोबाची पाल सातारा जिल्ह्यात आहे. म्हणून ‘पाली, सुधागड’ किंवा ‘बल्लाळेश्वर मंदिर’ असेच शोधावे.

याच भागात दुसरी गल्लत जास्त महागात पडते. वरदविनायकाचे महड खालापूर तालुक्यात, खोपोलीपासून थोड्याच अंतरावर आहे. चवदार तळ्याचे महाड त्याच रायगड जिल्ह्यात, पण महामार्गाने पार दक्षिणेला. अष्टविनायकाला निघालेला माणूस ‘महाड’ची पाटी पाहून एसटीत बसला तर त्याचा अर्धा दिवस गेला. कर्जतचेही तसेच. लोकलचे कर्जत रायगडात आहे, आणि सिद्धटेक ज्या कर्जत तालुक्यात आहे तो अहिल्यानगर जिल्ह्यातला. तिकीट काढताना गावाबरोबर तालुका किंवा जवळचे मोठे ठिकाण सांगण्याची सवय ठेवली तर हा घोळ होत नाही.

पालीला पोहोचण्याच्या वाटा

पहिली वाट खोपोलीची. मध्य रेल्वेचा मार्ग कर्जतच्या पुढे दोन फाटे घेतो. मुख्य मार्ग बोरघाट चढून लोणावळ्याकडे जातो आणि एक छोटी शाखा पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला संपते. ही शाखा फार जुनी आहे. घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, त्याच्या आधी १८५६ मध्येच गाडी खोपोलीपर्यंत येत होती आणि प्रवासी तिथून घाट चढून जात. आजही मुंबईहून खोपोलीला येण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग हाच. मुंबईहून थेट खोपोली लोकल दिवसातून मोजक्याच आहेत, त्यामुळे कर्जत लोकलने येऊन तिथून खोपोलीची गाडी धरावी लागते. ही जोडगाडी आधी पाहून ठेवली नाही तर कर्जतच्या फलाटावर बराच वेळ काढावा लागतो. खोपोलीच्या एसटी स्टँडवरून पालीच्या गाड्या परळी, जांभूळपाडा या गावांवरून जातात. हा टप्पा सुमारे ४० किलोमीटरचा आहे.

दुसरी वाट नागोठण्याची. पनवेल, पेण, नागोठणे, रोहा या मार्गावर दिव्याहून निघणारी साधी पॅसेंजर गाडी धावते. नागोठणे स्टेशनावर उतरले की पाली जवळ, म्हणजे वीस किलोमीटरच्या आत राहते. ठाणे, दिवा, पनवेल भागातल्यांना ही वाट सोयीची. पण या मार्गावर साध्या गाड्या कमी आहेत आणि एखादी उशिरा आली की पुढची एसटी चुकते. नागोठण्याहून किंवा वाकण फाट्याहून पालीसाठी एसटीबरोबरच मिनिडोर आणि शेअर रिक्षाही मिळतात.

तिसरी वाट थेट एसटीची. मुंबई आणि पुणे दोन्हीकडून पालीला थेट गाड्या आहेत, शिवाय रोहा, मुरूडकडे जाणाऱ्या काही गाड्या पालीवरून जातात. सोबत वृद्ध माणसे, लहान मुले किंवा जास्त सामान असेल तर थेट गाडीच घ्यावी, मग ती लोकलपेक्षा थोडी महाग पडली तरी चालेल. गाडी बदलण्यात जे श्रम होतात त्यांची किंमत तिकिटावर छापलेली नसते, पण घरच्या आजींना ती मोजावी लागते.

रेल्वेने जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रविवारी मेगाब्लॉक असतो. आपण सहलीला जायचे म्हणून रविवार निवडतो आणि नेमक्या त्याच दिवशी लोकल उशिरा धावतात किंवा रद्द होतात. शनिवारी संध्याकाळी ब्लॉकची बातमी वाचून मगच रविवारच्या जोडगाड्या ठरवाव्यात. अनारक्षित तिकीट मोबाइलवर काढता येते. ते निघण्याआधी घरूनच काढले तर खिडकीची रांग टळते, आणि त्या रांगेतली दहा मिनिटे पुष्कळदा लोकल चुकवायला पुरेशी असतात.

शेवटची गाडी आधी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पालीच्या स्टँडवर उतरल्याबरोबर देवळाकडे पाय वळतात, ते साहजिक आहे. पण त्याआधी दोन मिनिटे चौकशी खिडकीपाशी थांबावे आणि तीन प्रश्न विचारावेत. आपल्या दिशेची शेवटची गाडी किती वाजता? तिच्या आधीची किती वाजता? आणि आज त्या दोन्ही धावणार आहेत ना? तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण वेळापत्रकाच्या फलकावर असलेली प्रत्येक फेरी रोज सुटतेच असे नाही. निवडणूक, शाळांच्या सहली, आषाढी, लग्नसराई, गणेशोत्सव अशा वेळी गाड्या दुसरीकडे वळवल्या जातात. हे फलकावर लिहिलेले नसते, स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाला माहीत असते.

उत्तर मिळाले की परतीसाठी शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरायची. शेवटची गाडी राखीव समजायची. एवढ्या एका नियमाने स्पेशल रिक्षाचा खर्च बहुतेक वेळा वाचतो. मग त्या गाडीच्या वेळेतून मागे मागे मोजत यायचे: तिच्याआधी जेवण, त्याआधी दर्शन, त्याआधी प्रवास. असे मोजले की घरून किती वाजता निघायला हवे ते आपोआप कळते, आणि बहुतेकांना ते आपल्या अंदाजापेक्षा तासभर लवकर निघते.

ग्रामीण एसटीची एक रीत शहरातल्या माणसाला ठाऊक नसते. संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्या बऱ्याचशा गाड्या मुक्कामी असतात. अशी गाडी तालुक्याच्या गावाहून खेड्यात जाते, चालक-वाहक तिथेच रात्र काढतात आणि पहाटे तीच गाडी शाळेची मुले, दूधवाले, बाजारकरी घेऊन परतते. सुधागड किल्ल्याच्या पायथ्याच्या गावांकडे किंवा ठाणाळे लेण्यांकडे जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. संध्याकाळची गाडी गावात जाते म्हणजे ती लगेच परत येईल असे नाही, ती सकाळीच येते. उलट गावात मुक्काम करणाऱ्याला हीच पहाटेची गाडी सर्वांत भरवशाची असते, कारण तिच्यावर सगळ्या गावाचा दिवस अवलंबून असतो.

मिनिडोर किंवा शेअर रिक्षा करताना बसण्याआधीच दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: माणशी किती, आणि गाडी नेमकी कुठे सोडणार? ‘पाली’ म्हणजे स्टँड की देऊळ, ‘नागोठणे’ म्हणजे नाका की रेल्वे स्टेशन, यावर पुढचा खर्च ठरतो. सुट्टे पैसे जवळ असावेत. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आता जवळपास सगळीकडे आहे, पण डोंगराच्या कुशीत रेंज जाते तेव्हा ती उपयोगी पडत नाही.

एसटीचे तिकीट कसे ठरते

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. एसटीचे भाडे टप्प्यांवर मोजले जाते. एक टप्पा ६ किलोमीटरचा. त्यामुळे साध्या गाडीत तिकीट अंतराप्रमाणे ठरते, मागणीप्रमाणे रोज वर-खाली होत नाही. साधी, निमआराम, शिवशाही, शिवनेरी अशा प्रकारांचे दर वेगवेगळे आहेत. पालीसारख्या अडीच-तीन तासांच्या प्रवासाला साधी लालपरी पुरते. जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडी १४.९५ टक्क्यांनी वाढली, तरी कुटुंबाचा हिशेब केला तर एसटी अजूनही परवडते. त्याचे कारण सवलती.

२६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे आणि पाचच्या आतल्यांना तिकीट नाही. या सवलती एकमेकींत मिळवता येत नाहीत, म्हणजे ७० वर्षांच्या आजींना महिला म्हणून अर्धे आणि ज्येष्ठ म्हणून त्याचेही अर्धे असे होत नाही.

आता एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. आजोबा ७८ वर्षांचे, आजी ७० च्या, आई, वडील, ८ वर्षांचा मुलगा आणि ४ वर्षांची मुलगी. माणसे सहा. आजोबांचे आणि मुलीचे तिकीट नाही. आजी, आई आणि मुलगा यांची प्रत्येकी अर्धी तिकिटे, वडिलांचे पूर्ण. सहा माणसांचा प्रवास अडीच तिकिटांत होतो. दुसरीकडे रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. लोकलचे मूळ भाडे इतके कमी आहे की मुंबई–खोपोली टप्प्यात रेल्वेच स्वस्त पडते. पण घरात दोन-तीन ज्येष्ठ असतील तर थेट एसटीचा हिशेब एकदा मांडून पाहावाच.

सवलतीसाठी वय दाखवणारे ओळखपत्र लागते. आधारकार्डावर जन्मतारीख पूर्ण नसेल, फक्त वर्ष असेल, तर ती आधीच दुरुस्त करून घ्यावी. भर गर्दीत वाहकाशी वाद घालण्यापेक्षा ते सोपे. चाळीसएक जणांचा गट असेल, म्हणजे सोसायटी, भजनी मंडळ किंवा नातेवाइकांचा गोतावळा, तर जवळच्या आगारात गट आरक्षणाची किंवा पूर्ण गाडीची चौकशी करावी. आणि सुट्टीत चार-सात दिवस राज्यभर हिंडायचे असेल तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आहे. अष्टविनायक, कोकण, पंढरपूर असे लांबचे फिरणाऱ्याला तो उपयोगी. मात्र महिला आणि ज्येष्ठांनी आधी सवलतीच्या तिकिटांची बेरीज करून पाहावी. पुष्कळदा तीच पासापेक्षा कमी भरते.

स्वतःची गाडी केव्हा परवडते

मुंबई–पाली–मुंबई धरून २४० किलोमीटर होतात. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर १६ लिटर पेट्रोल लागते. लिटरला शंभर रुपये धरले तरी १६०० रुपये झाले, वर टोल आणि पार्किंग. एकट्या-दुकट्याला हे कधीच परवडत नाही. चार-पाच प्रौढ असतील आणि त्यांना उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे, महड, ठाणाळे लेणी असे तीन-चार थांबे घ्यायचे असतील, तर गाडीचा खर्च सार्थकी लागतो, कारण आडवळणाच्या गावांना प्रत्येक वेळी रिक्षा करण्याचे पैसे वाचतात.

टोलबाबत काही गोष्टी माहीत असाव्यात. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही. द्रुतगती मार्गावर मात्र आहे, आणि तिथे फास्टॅग नसेल किंवा त्यात पैसे नसतील तर दुप्पट भरावा लागतो. निघण्याच्या आदल्या रात्री फास्टॅगची शिल्लक पाहणे हा सर्वांत सोपा उपाय. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांसाठी वार्षिक फास्टॅग पास सुरू झाला, तेव्हा त्याची किंमत ३००० रुपये होती. तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोवर चालतो. पण तो राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांसाठी आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या ताब्यात असल्याने तिथे तो चालत नाही. केवळ लोणावळा–खोपोलीच्या फेऱ्यांसाठी हा पास घेतला तर पैसे वाया जातील.

दिवस निवडा, रांग निवडू नका

पालीत भाद्रपद आणि माघ महिन्यांत शुद्ध प्रतिपदेपासून पंचमीपर्यंत उत्सव असतो. माघी गणेश जयंतीला गाव भरून जाते. त्याखालोखाल गर्दी अंगारकी संकष्टीची, मग साध्या चतुर्थ्यांची, मग शनिवार-रविवारची. नाताळची सुट्टी आणि शाळांच्या सहलींचे डिसेंबर-जानेवारी हेही गर्दीचेच. ज्याला उत्सवच पाहायचा आहे त्याने गर्दी मनाने स्वीकारून जावे, त्यातही आनंद आहे. ज्याला शांतपणे दर्शन हवे, त्याने मंगळवार आणि चतुर्थी टाळून आठवड्याच्या मधला कुठलाही दिवस घ्यावा. त्या दिवशी तीच रांग काही मिनिटांची असते, रिक्षावाल्याला घाई नसते आणि राहायची खोली सहज मिळते.

रस्त्याची गर्दीही दिवसावर ठरते. शनिवारी सकाळी खोपोलीजवळ तीन वाहतुकी एकत्र येतात: लोणावळ्याकडे जाणारी, खोपोली–पाली रस्त्यावरच्या मोठ्या करमणूक उद्यानाकडे जाणारी आणि पालीकडची. शनिवारीच जायचे तर सातच्या आत खोपोली ओलांडावी. गणेशोत्सवाच्या आदल्या तीन-चार दिवसांत चाकरमान्यांच्या गाड्यांनी मुंबई–गोवा महामार्ग भरलेला असतो. या मार्गाच्या पळस्पे–इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ च्या सुमारास सुरू झाले आणि पेण–वाकण पट्ट्यातल्या प्रवाशांनी त्याचा त्रास वर्षानुवर्षे सोसला. त्या दिवसांत पालीला जायचेच असेल तर वाकणऐवजी खोपोलीची बाजू धरावी.

पावसाळ्यात अंबा नदीचे ऐकावे

श्रावणात सुधागडचा डोंगर हिरवा होतो, धबधबे वाहतात आणि निघावेसे वाटते. पण हा सह्याद्रीच्या अगदी पायथ्याचा तालुका आहे. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस काही तासांत अंबा नदीत उतरतो. जुलै १९८९ मध्ये याच नदीला आलेल्या पुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले, नागोठण्यातही पाणी शिरले आणि अनेकांचे प्राण गेले. वाकण–पाली रस्त्यावर पूल पाण्याखाली जाऊन वाहतूक थांबल्याच्या घटना त्यानंतरही अनेक पावसाळ्यांत घडल्या आहेत. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल रात्रीच्या अंधारात वाहून गेला, त्यात दोन एसटी गाड्याही गेल्या.

म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हवामान खात्याने रायगडला लाल किंवा नारंगी इशारा दिला असेल तर सहल पुढे ढकलावी. निघाल्यावर पूर आलाच तर पाणी पुलावरून वाहत असताना कोणत्याही गाडीने पूल ओलांडू नये, पाणी कितीही उथळ दिसो. पाली दोन बाजूंनी जोडलेली आहे, हा तिचा फायदा. वाकणची बाजू बंद असली तरी खोपोलीची उघडी असू शकते. स्टँडवर विचारून दिशा बदलावी. आणि दोन्ही बंद असतील तर गावातच मुक्काम करावा. त्यासाठी पावसाळ्यात एका रात्रीचे पैसे आणि औषधे जादा ठेवलेली बरी.

एक रात्र राहिलात तर

दिवसभरात जाऊन येणे स्वस्त वाटते, पण एक रात्र राहिले तर त्याच प्रवासखर्चात दुप्पट पाहून होते. देवस्थानाचे भक्तनिवास आहे, खासगी लॉज आणि घरगुती खाणावळी आहेत. गर्दीच्या दिवसांखेरीज जागेची अडचण नसते, तरी दूरध्वनीवर आधी विचारून घ्यावे. खाणावळीत चार माणसांसाठी आधी सांगून ठेवले तर गरम जेवण आणि वाजवी दर दोन्ही मिळतात.

मुक्कामाचे खरे फळ सकाळी मिळते. बल्लाळेश्वराचे देऊळ पूर्वाभिमुख आहे आणि दक्षिणायनात सूर्योदयाची किरणे थेट मूर्तीवर पडावीत अशी त्याची रचना सांगितली जाते. मुंबई-पुण्याहून सकाळी निघणाऱ्याला ते दिसणे अशक्य, आदल्या रात्री आलेल्याला सहज शक्य. देवळातली मोठी घंटा युरोपीय बनावटीची आहे. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक, असे मानले जाते. बल्लाळेश्वराच्या आधी शेजारच्या धुंडीविनायकाचे दर्शन घेण्याची प्रथा आहे.

पुढचे सगळे पायी किंवा थोड्या रिक्षाभाड्यात होते. देवळामागे उभा असलेला सरसगड सकाळी लवकर चढायला घेतला तर ऊन चढण्याआधी खाली येता येते. पायऱ्या कातळात खोदलेल्या आणि उंच आहेत, म्हणून पावसाळ्यात आणि गुडघ्यांचे दुखणे असणाऱ्यांनी तो टाळावा. उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे तीन-चार किलोमीटरवर आहेत. दुसरा दिवस हाताशी असेल तर सुधागड किंवा ठाणाळ्याची २३ बौद्ध लेणी. या दोन्हींसाठी गावातला वाटाड्या घ्यावा. त्याला दिलेले पैसे खर्च मानू नयेत, रानात वाट चुकून संध्याकाळची गाडी गेली तर त्याहून अधिक जातात.

खरेदीतही शहाणपण आहे. देवळाजवळच्या बाजारात पापड, कुरडया, लोणची, कोकम वर्षभर मिळते. हंगामात आजूबाजूच्या वाड्यांवरच्या आदिवासी बायका करवंदे, जांभळे, रानभाज्या घेऊन बसतात. हा माल त्याच दिवशी सकाळी काढलेला असतो. त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये.

पुढे समुद्राकडे, किंवा आठही गणपतींकडे

पालीहून रोहा, मुरूड किंवा अलिबागकडे जाणाऱ्यांना परतीसाठी रस्त्याला एक चांगला पर्याय आहे. मांडव्याहून गेटवे ऑफ इंडियाला लाँच सुटतात आणि काही सेवांच्या तिकिटात अलिबाग–मांडवा बसही धरलेली असते. पावसाळ्यात लाँच बंद असतात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का–मांडवा रो-रो सेवा सुरू झाली, तिच्यात गाडीसकट खाडीपार जाता येते. एका बाजूने पाली, दुसऱ्या बाजूने मांडवा असा फेरा घेतला तर तोच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही.

अष्टविनायकाचे पाहिले तर आठांपैकी पाच पुणे जिल्ह्यात, दोन रायगडात आणि सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात. परंपरेचा क्रम मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव असा आहे. या क्रमाने गेले तर सिद्धटेकहून पूर्ण पुणे जिल्हा ओलांडून, घाट उतरून पालीला यावे लागते आणि पुन्हा घाट चढून थेऊरला. ज्यांची क्रमावर श्रद्धा आहे त्यांनी जरूर तसे करावे. ज्यांना खर्च आणि श्रम कमी करायचे आहेत त्यांनी तीन गट पाडावेत: थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव हा पहिला. ओझर आणि लेण्याद्री हा दुसरा. महड आणि पाली हा तिसरा. तीन वेगवेगळ्या सुट्ट्यांत हे गट करता येतात. मुंबईकरांना तिसरा गट एका दिवसात जमतो, पुणेकरांना पहिला. दोन दिवसांत आठही गणपती दाखवणाऱ्या सहलींत बराचसा वेळ गाडीत जातो. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि पुरातत्त्व खात्याचे तिकीट लागते, त्यामुळे आजी-आजोबांसाठी तो दिवस स्वतंत्र ठेवणे चांगले.

लालपरीत बसा

या सगळ्यात एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. शेवटचा टप्पा स्वस्त राहतो तो तिथे एसटी धावते म्हणून. एखाद्या मार्गावर प्रवासी कमी झाले की फेरी कमी होते, फेरी कमी झाली की उरलेले प्रवासीही दुसरे वाहन शोधतात, आणि काही वर्षांत ती गाडी बंद होते. शहरातल्या पाहुण्याला त्याने एका रविवारची गैरसोय होते. जांभूळपाड्याच्या मुलीची शाळा, नाडसूरच्या आजोबांचा दवाखाना आणि पालीच्या दुकानदाराचा माल मात्र रोज त्याच गाडीवर अवलंबून आहे. आपण पालीला जाताना एसटीचे तिकीट काढतो तेव्हा आपले पैसे वाचतात, आणि ती फेरी चालू ठेवण्यात आपलाही वाटा असतो. पुढच्या वेळी जमेल तेव्हा गाडी घरी ठेवा, आजोबांचे आधारकार्ड खिशात घाला आणि लाल गाडीने पालीला या.